ओढा की तळं: जगणं कुठे जास्त अवघड?

ओढा असो की तळं, पाणी गोडंच. त्यामुळे एक अडचण दोन्हीकडे सारखी: माशाच्या शरीरात क्षार जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी सतत आत शिरतं. मासा ते भरपूर पातळ लघवीवाटे टाकतो आणि कल्ल्यांतून क्षार परत ओढून घेतो. पुढे मात्र वाटा फुटतात.

खळाळत्या ओढ्यात प्राणवायूची सहसा ददात नसते. भीती असते ती वाहून जाण्याची. ब्लॅकफ्लाय या छोट्या माशीची अळी दगडावर रेशमाची छोटी गादी विणते, त्यात मागच्या टोकाचे आकडे रुतवते आणि डोक्यावरच्या पंख्यांनी वाहत येणारं अन्न गाळते. तिच्यासाठी प्रवाह म्हणजे घरपोच डबाच!

तळ्यातला पेच वेगळा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ० अंश सेल्सिअसला लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे १४.६ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम ७.६. तळाच्या चिखलात तर आणखी टंचाई. म्हणूनच मला तळ्यातल्या जीवांच्या युक्त्या जास्त भन्नाट वाटतात. डासाची अळी श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून थेट हवा घेते. गुरामी माशाला कल्ल्यांच्या वर हवेत श्वास घेण्यासाठी घडीदार अवयव असतो. चिखलातल्या काही कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या) अळ्या लालभडक दिसतात, त्या प्राणवायू धरून ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे. आणि पाणी आटलंच, तर आफ्रिकेतले काही लंगफिश, म्हणजे फुप्फुसं असलेले मासे, चिखलात बुळबुळीत स्रावाचा कोष करून महिनोन्‌महिने पडून राहतात.