जिम्नीला लिफ्ट: नुसते स्पेसर, की स्प्रिंग आणि शॉकचे पूर्ण किट?

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी ही छोटी फोर-बाय-फोर गाडी घेणाऱ्याला पहिल्याच पावसाळ्यात कळते, की तिचे नाक कुठेही चढते आणि पाठ कुठूनही उतरते, पण पोट टेकते. ग्राउंड क्लिअरन्स तीन दारांच्या गाडीइतकाच, म्हणजे २१० मिलिमीटर आहे. मात्र त्या तीन दारांच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,२५० मिलिमीटर आणि आपल्याकडच्या गाडीचा २,५९०, त्यामुळे दोन चाकांच्या मधोमध येणारा बांध किंवा दगड लवकर लागतो. वेल्ह्याच्या बाजूला एका भातखाचराचा बांध ओलांडताना माझी गाडी अशी बसली, की फावड्याने खालची माती उकरून काढावी लागली. त्यानंतर गाडी उंच करण्यासाठी, म्हणजे ‘लिफ्ट’साठी, मी आधी दोन इंची स्पेसर (स्प्रिंगला लावायच्या चकत्या) बसवले, आठ महिने वापरले, मग ते काढून स्प्रिंग आणि शॉक (धक्के शोषणारा दांडा) दोन्ही बदलणारे ४० मिलिमीटरचे किट घातले. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आहे. मोजमापाची साधने माझ्याजवळ नव्हती, कान आणि कंबर होती.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण तिच्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल (डावे-उजवे चाक जोडणारे एकसंध आस) आहेत आणि लिफ्टने ॲक्सलच्या वरचे सगळे उचलले जाते, खुद्द ॲक्सल तिथेच राहतो. ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या दातेचाकांचा) गोळा जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. तो वर घ्यायचा तर टायरच मोठा लागतो. तोही किती मोठा? मूळच्या १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे १० मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गोळा जेमतेम ५ मिलिमीटर उचलला जातो. तेव्हा गोळा दगडाला लागतो म्हणून लिफ्ट करणाऱ्याची निराशाच होईल. पोट टेकते म्हणून करणाऱ्याची होणार नाही.

स्पेसरचा पक्ष आधी मांडतो, कारण तो लंगडा नाही. मूळ स्प्रिंगच्या टोकाशी जाड चकती बसवायची, बस्स. स्प्रिंग तीच राहत असल्यामुळे सपाट रस्त्यावरची मऊ चाल बहुतांशी कायम राहते. किटची स्प्रिंग अधिक वजनासाठी घडवलेली असेल तर रिकामी गाडी थोडी ताठ वाटते, तसे स्पेसरमध्ये होत नाही. काम एका दुपारी उरकते आणि खर्चात तर तुलनाच नको: माझ्या किटचे बिल स्पेसरच्या बिलाच्या जवळपास सहापट झाले. उंचीही स्पेसरने दहा मिलिमीटर जास्तच मिळाली होती. गाडी दारात उभी केली तर शेजाऱ्यांना स्पेसरवालीच अधिक रुबाबदार वाटली असती.

पण गाडी उभी राहत नाही, चालते, आणि आपल्याकडे ती गतिरोधकांवरून चालते. शॉकची लांबी ठरलेली असते. जिम्नीत शॉक स्प्रिंगपासून वेगळा बसवलेला आहे. स्प्रिंगखाली किंवा वर ५० मिलिमीटरची चकती आली, की गाडी नुसती उभी असतानाही शॉक जवळपास तेवढाच ताणलेला राहतो आणि चाक खाली जाण्यासाठी राखलेल्या जागेतून तेवढी जागा वजा होते. गतिरोधक चढताना काहीच जाणवत नाही. उतरताना चाक खाली पडू पाहते, शॉक आपल्या शेवटाला जाऊन अडतो आणि मजल्यातून ‘धप्प’ असा आवाज येतो. कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडे वळलो, की गावागणिक गतिरोधक लागतात, आणि प्रत्येकावर पुढून एकदा, मागून एकदा असे दोन धप्पे ठरलेले. मागे बसलेल्या आईने पहिल्या दिवशी विचारले, “अरे, डिकीत काही पडलं का?” मी डिकी उघडून पाहिलीही. ज्या गॅरेजात काम केले तिथल्या कारागिराने समजूत घातली, की काही दिवस वाजेल, मग बसेल. आठ महिन्यांत ते बसले नाही, आणि बसण्यासारखे त्यात काही नव्हतेही, कारण तो सैल बोल्टचा आवाज नव्हता. शॉकची लांबी संपल्याचा होता.

हा आवाज कित्येकांना खटकणारही नाही. माझे अनेक मित्र गाणी मोठ्याने लावून गाडी चालवतात आणि सुखी आहेत. मला मात्र दर वेळी शॉकच्या आतला दट्ट्या टोकाला आपटत असल्याचे दिसू लागले, आणि गतिरोधक दिसला की खांदे आपोआप आखडू लागले.

वाईट रस्त्यावर हाच दोष वेगळ्या रूपाने समोर येतो. अखंड ॲक्सलची खरी मौज अशी, की एक चाक दगडावर चढले तर दुसरे तितकेच खाली जाऊन जमीन धरते. स्पेसर घातल्यावर खाली जाणारे चाक लवकर अडते आणि हवेत लटकते. मग जिम्नीची ट्रॅक्शन प्रणाली लटकणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे पाठवते. गाडी निघते, पण पूर्वी जो चढ ती मुकाट्याने चढत असे, तो आता ब्रेकच्या कुरकुरीसह चढते. यावर शॉकची खालची बैठक सरकवणारी ब्रॅकेट मिळतात. त्यांनी आवाज कमी होतो असे म्हणतात, मी ती वापरलेली नाहीत. मागच्या बाजूला खाली लोंबणारे आणखी एक लोखंड मला नको होते.

किटमध्ये स्प्रिंग उंच आणि शॉक तिच्या मापाचा लांब असतो, म्हणून चाक पुन्हा खाली जाऊ लागते. वर जाण्याची मर्यादा सांभाळणारे बंप स्टॉपही त्याच हिशेबाने खाली घ्यावे लागतात, हे मात्र किट विकणाऱ्याला विचारूनच घ्यावे. ओल्ड मॅन एमू किंवा आयर्नमॅन यांसारख्या ऑस्ट्रेलियन नावांची किट बरीच चर्चेत असतात. नाव कोणतेही असो, ते पाच दारांच्या गाडीसाठीचे आहे ना याची खात्री करावी, कारण लांब गाडीच्या मागच्या चाकांवरचे वजन वेगळे असते. विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आणि लोखंडी बंपर लावायचा नसेल, तर उपलब्ध असलेली सर्वांत हलकी स्प्रिंग मागावी. मी तशीच घेतली. तरीही एकट्याने जाताना मागची बाजू किंचित टणक वाटते. चौघे आणि सामान असले, की छान बसते. किट घातल्यावर पहिल्यांदा भोरला गेलो तेव्हा आई पहिल्याच गावात झोपली. यापेक्षा मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.

उंचीमुळे येणाऱ्या काही तक्रारी दोन्ही पर्यायांत सारख्याच आहेत. पुढचा ॲक्सल किंचित फिरल्यामुळे कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आळसाने परत येते. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश (सांध्यात बसणारी नळकांडी) घालतात. ॲक्सलला सांगाड्याशी आडवे जोडणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो. शिवाय स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्रॅग लिंकचा, कोन बदलल्याने सरळ जातानाही स्टिअरिंग कललेले राहते, आणि ते तसेच ठेवले तर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या प्रणालीचा) दिवा लागू शकतो. माझा लागला होता. लिंकची लांबी जुळवून स्टिअरिंग मध्यावर आणताच तो विझला. हेडलाइटची पातळी खाली घेणेही विसरू नये, समोरच्याचे डोळे आपल्यापेक्षा खाली असतात. वरंध घाटाच्या वळणांवर उंच गाडी आधीपेक्षा जास्त कलते, हे दोन्हीकडे आलेच. किटच्या शॉकने ते कलणे जरा सावरून घेतल्यासारखे वाटते, पण हे माझे वाटणे आहे.

कायद्याची बाजू दोन्हींना समान आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवानगी फेरफारासाठी मालकाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करूनच पाऊल उचलावे.

ज्याची गाडी वर्षातून दोनदा मातीत उतरते आणि ज्याला बंधाऱ्यापलीकडच्या शेतावर जाण्यापुरती उंची हवी आहे, त्याने स्पेसर घेतले तर मी त्याला अडवणार नाही; फक्त दोन इंचांऐवजी एक इंचाचे घ्यावेत, धप्पे निम्म्याहून कमी होतील असा माझा अंदाज आहे. इतरांनी थोडे थांबून पैसे साठवावेत. आणि काहीही बसवले, तरी ॲक्सलचे आर्म आणि पॅनहार्ड यांचे बोल्ट गाडी गॅरेजात हवेत उचललेली असताना घट्ट करू देऊ नयेत. चाके जमिनीवर टेकवून, पूर्ण वजन आल्यावर आवळून घ्यावेत, नाहीतर आतले रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. हजारएक किलोमीटरनंतर पाना घेऊन ते पुन्हा एकदा तपासावेत. माझे दोन सैल निघाले होते.