समावेशक शाळेसाठीचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम : वर्गासाठी उत्तम, निष्कर्षांत घाई

विशेष गरजा असलेल्या मुलांना सर्वांबरोबर एकाच वर्गात शिकवायचे आणि त्यासाठी अख्ख्या शाळेची कामाची पद्धत बदलायची, या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आमच्या शाळेने शिक्षकांसाठी घेतला होता. वर्गावर शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो जरूर करावा, असे माझे मत आहे. मात्र मुलांच्या संपादणुकीविषयी त्यात जे छातीठोकपणे सांगितले आहे, ते पारखूनच घ्यावे.

अभ्यासक्रमाचे खरे बळ पाठनियोजनाच्या भागात आहे. अपूर्णांकांच्या तुलनेचा एक पाठ त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला आहे. दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांत मोठा अपूर्णांक कोणता, हे काही मुले कागदी पट्ट्यांना घड्या घालून ठरवतात, काही संख्यारेषेवर शोधतात; वाचताना अडखळणाऱ्या मुलीला शाब्दिक उदाहरण वाचून दाखवले जाते, पण सोडवायचे तिनेच. उदाहरण सर्वांना तेच दिलेले असते. विशेष शिक्षिका एकाच मुलाच्या बाकाशेजारी बसून न राहता निम्मा वर्ग सांभाळते, त्यामुळे कोणती मुले तिची आणि कोणती विषयशिक्षकाची, हा प्रश्नच उरत नाही. हे पाहून मनापासून समाधान वाटले, कारण अशा प्रशिक्षणांत सहानुभूतीवर व्याख्याने पुष्कळ मिळतात, पण अपूर्णांक शिकवायचे कसे, हे क्वचितच कोणी सांगते.

प्रगतीच्या नोंदींचा भाग ठीक आहे, नमुना तक्ते लगेच वापरता येतात.

खटकते ते 'समावेशनाने सर्वांचेच गुण वाढतात' हे सरसकट विधान. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, 47 अभ्यास आणि सुमारे 48 लाख विद्यार्थी यांचा एकत्रित विचार करणाऱ्या विश्लेषणात विशेष गरजा नसलेल्या वर्गमित्रांच्या संपादणुकीवर अनुकूल परिणाम आढळला, पण तो लहान होता. आपले मूल मागे पडेल अशी धास्ती घेतलेल्या पालकांना एवढा दिलासा पुरेसा आहे. खुद्द विशेष गरजा असलेल्या मुलांबाबत मात्र कॅम्पबेल या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याच्या 2022 च्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात सरासरीने फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही. म्हणजे मुलाला सर्वसाधारण वर्गात नुसते बसवले, तर त्याच्या शिकण्यात आपोआप भर पडेल, असे धरून चालता येत नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीचे 1994 चे आंतरराष्ट्रीय सालामांका निवेदन किंवा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्र करारातील 24 वे कलम समावेशनाकडे हक्क म्हणून पाहते; त्यासाठी गुण फुगवून सांगण्याची गरजच नाही.

दुसरी उणीव वेळापत्रकाची. दोन शिक्षकांनी मिळून पाठ आखावा असे वारंवार सांगितले जाते, पण त्यासाठी दोघांना एकाच वेळी मोकळी तासिका कशी काढायची, यावर एक शब्द नाही. ही तासिका मुख्याध्यापकांच्या हातात असते. म्हणून एकट्या विशेष शिक्षिकेला या अभ्यासक्रमाला बसवण्याऐवजी मुख्याध्यापकांसह सर्व शिक्षकांनी तो एकत्र करावा.