चिकूची वाइन आणि दात असलेलं पापलेट

आधी आकडा सांगते. पाच माणसं, एक रविवार, १८,३५० रुपये. आणि हे पैसे घालवले कुणी, तर अठ्ठावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून "अनोळखी क्यूआर कोडवर पैसे टाकू नका हो" असं लोकांना बजावणाऱ्या बाईने. घरात विषय निघाला की हे अजून हसतात. हसू देत, निम्मे त्यांचेही होते.

गोष्ट २०२५ च्या जुलैतली. गटारी २४ तारखेला, गुरुवारी आली होती. म्हणजे काय खायचं-प्यायचं ते आधीच्या रविवारी उरकायचं, असं घरोघरी ठरत होतं. माझ्या नणंदेने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. 'गटारी स्पेशल! डहाणू-बोर्डी एक दिवसाची सहल. चिकूच्या वाडीत वाइन टेस्टिंग, कोळीवाड्यात ताजं म्हावरं. माणशी २,४०० रुपये, सगळं आलं त्यात.' खाली सुरूच्या झाडांचा, ओल्या वाळूचा आणि काचेच्या ग्लासांचा फोटो.

आम्ही वसईत राहतो. घरगुती वाइनचं आम्हाला अप्रूप नाही, नाताळात शेजारून बाटली येतेच. पण चिकूची वाइन कधी चाखली नव्हती. आणि इथेच मेख आहे. या जाहिरातीतलं निम्मं अगदी खरं होतं. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. बोर्डीत चिकूपासून वाइन खरोखर बनते, परवाना घेऊन बनते. इराणी-पारशी घरांच्या जुन्या वाड्या तिथे आहेत. त्यामुळे शंका घ्यायला जागाच राहत नाही. धादांत खोटं असतं तर मी पकडलं असतं, असं मला आपलं वाटतं.

फोनवर सहलवाला मुलगा भारी गोड. दर वाक्याला "ताई". सगळे पैसे आगाऊ हवेत, कारण "म्हावरं आदल्या दिवशी बुक करावं लागतं ताई". कोड स्कॅन केला तर सहलीच्या नावाऐवजी कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, "मावशीचं अकाउंट आहे, आपलं जीएसटीचं चालू आहे." काउंटरपलीकडे बसून एखाद्या गिऱ्हाइकाने मला हे सांगितलं असतं, तर मी चष्म्यावरून बघितलं असतं. इथे बारा हजार पाठवून मोकळी झाले. पावती म्हणून अंगठ्याचं चित्र आलं.

पाच जण म्हणजे आम्ही दोघं, नणंद, तिचा चोवीस वर्षांचा मुलगा आणि आमच्या मजल्यावरच्या काकू. काकूंना नेलं ते केवळ सोबतीला. त्यांचं माहेर सातपाटीचं. डहाणू लोकलने पालघर सोडलं तेव्हा त्या खिडकीतून बघत एवढंच म्हणाल्या, "पावसाळ्यात ताजं पापलेट देणार म्हणतो? कुठनं आणणार गो?" मी म्हटलं, "काकू, असेल त्यांची सोय." तेव्हाच उतरून परतीची गाडी धरली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या काय म्हणत होत्या ते नीट सांगते, कारण दरवर्षी या दिवसांत अशाच जाहिराती फिरतात. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींनी मासेमारी करायला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं आहेत. बिनयंत्राच्या होड्यांना मुभा असते, खाडीत जाळी लागतात. त्यामुळे जुलैत निवट्या मिळतील, बोय मिळेल, चिंबोऱ्या मिळतील, अमावास्येच्या सुमाराला त्या भरलेल्या असतात असं कोळणी सांगतात. पण ताटाएवढं 'आज सकाळचं' पापलेट? ते बर्फातलं तरी असणार, नाहीतर पापलेटच नसणार. आमच्या नशिबी दुसरं होतं.

डहाणू रोडला टमटम उभी होती. मुलगा आला, पंचविशीचा असेल. आणखी दोन कुटुंबं होती, मिळून चौदा माणसं. बोर्डीत पोचल्यावर पहिली बातमी अशी की वायनरीत सरकारी तपासणी चालू आहे, आज बंद. "पण ताई, आपण त्यांच्याच माणसाच्या वाडीत जातोय. तिथे जास्त मजा." वाडी म्हणजे एका बंद बंगल्याची मागची बाजू. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पावसाची झड आत येतेय, शेडमागे खरोखरीची चिकूची चार झाडं.

ग्लास आले ते कागदी. जाहिरातीतले काचेचे कुठे गेले ते विचारायचा मोह मी आवरला. बाटल्यांवर चिकूचं चित्र असलेलं छान लेबल होतं. रंग काकवीसारखा. पहिला घोट घेतला आणि मला लहानपणीचं खोकल्याचं औषध आठवलं. आधी नुसतं गोड, मग घशाला चटका. तो मुलगा म्हणाला, "सकाळीच उतरवलेल्या चिकूची आहे, एकदम फ्रेश!" माझा भाचा रसायनशास्त्र शिकलेला आहे. तो माझ्या कानाशी म्हणाला, "मामी, सकाळच्या चिकूची संध्याकाळपर्यंत फार तर शिकरण होईल." वाइन व्हायची तर फळातली साखर यीस्टने खायला हवी, त्याला आठवडे जातात, मग गाळणं, मुरणं. साखर खाल्ली गेली की गोडीही कमी होते. आमच्या पेल्यातला प्रकार म्हणजे कसलीतरी स्वस्त दारू, साखरेचा पाक आणि चिकूचं इसेन्स. हे आम्हाला कळलं होतं. तरी आम्ही प्यायलो. पैसे भरलेले असले की माणूस जिभेचंही ऐकत नाही.

एवढ्यात "परवाना फी" निघाली. माणशी १५० रुपये, रोख. "एक्साइजचा नियम आहे, मी काय करू?" दारू पिण्याचा एक दिवसाचा परवाना महाराष्ट्रात असतो हे खरं, पण तो पाच रुपयांचा असतो आणि हातात कागद मिळतो. आम्हाला कागद मिळाला नाही. साडेसातशे गेले.

मग जेवण. कोळीवाडा नाहीच, त्याच शेडमध्ये डबे आले. भात, पातळ कालवण, सोलकढी म्हणून गुलाबी पाणी. मासा मागितला तर, "तळलेलं पापलेट साइजवर आहे ताई, ते पॅकेजमध्ये नाही." दोन घेतले, एकाचे १,४५०. मसाल्याच्या जाड थरात लपेटलेले, तळून काळपट. खायला वाईट नव्हते, हेही सांगते. चिखलाचा किंचित वास होता इतकंच.

काकू खात नव्हत्या. त्यांनी मासा ताटलीतून उचलला, अंगठ्याने वरचा ओठ मागे सारला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ." आत दात होते. माशाचे असतात तसे काट्यासारखे नव्हेत, चपटे, चौकोनी, शेजारीशेजारी बसवलेले, लहान मुलाच्या दाढांसारखे. मसाला दातांच्या फटीत अडकला होता. मला कसंसंच झालं. काकू मात्र खळखळून हसल्या. "पापलेटाला दाढा कधी आल्या गो? हा रूपचंद. तळ्यातला. आमच्याकडे कुणी फुकट दिला तरी घेत नाहीत."

रूपचंद हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, आपल्याकडे तळ्यांत भरपूर वाढवतात. विष नाही काही, रूपचंद म्हणून विकला तर तक्रारही नाही. पण अंगाने पापलेटासारखा गोल-चपटा, आणि भाव पापलेटाच्या पासंगालाही पुरत नाही. डोकं काढून, तुकडे करून, मसाल्यात बुडवून दिला की भल्याभल्यांना कळत नाही. आमच्या आचाऱ्याने डोकं काढायचा आळस केला म्हणून सापडला. २०२३ मध्ये सरकारने पापलेटाला राज्यमासा जाहीर केलं, आणि आम्ही राज्याच्या माशाच्या नावाखाली परदेशी पाहुणा खाल्ला. काकू मासा वर धरून सगळ्यांना दाखवत होत्या तेव्हा तो मुलगा फोटो काढत होता. हे लक्षात ठेवा.

एवढं झाल्यावरही निघताना आम्ही तीन बाटल्या विकत घेतल्या. का, ते विचारू नका. नणंदेला ऑफिसात द्यायची होती, भाच्याला मित्रांना दाखवायची होती. नऊशेला एक, २,७००. बाटलीवर बॅच नंबर नव्हता, अल्कोहोलचं प्रमाण नव्हतं, अन्नसुरक्षेचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी क्रमांक नव्हता, मद्यपानाचा वैधानिक इशारा नव्हता. चिकूचं चित्र तेवढं सुरेख होतं.

"आता नारगोलचा बीच बघू, दहा मिनिटांवर," असं म्हणून त्याने टमटम उत्तरेला वळवायला सांगितली. टमटमवाला दादा तिथलाच होता. त्याने मागे वळून पिशव्यांकडे बघितलं आणि गाडीच बंद केली. "पिशवीत बाटल्या आहेत ना, काकी? झाई संपली की गुजरात लागतो. तिथे दारूबंदी. पकडलं तर तुम्ही अडकाल आणि माझी गाडी जमा होईल. मी नाही येत." ते दोघं हुज्जत घालत बसले. मुलाला ही गोष्ट माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही. त्याला फक्त जाहिरातीतला 'दोन बीच' हा मुद्दा उरकायचा होता. त्या दिवसात आम्हाला भेटलेला एकमेव सरळ माणूस तो टमटमवाला. स्टेशनपर्यंत सोडल्याचे त्याला वेगळे पैसे द्यायला गेलो, तर ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

खरा धक्का घरी बसला. बाटली फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी काढली तर बाहेर घाम सुटलेला आणि चिकूचं लेबल हातात आलं. साध्या खळीने चिकटवलेलं. खाली दुसऱ्या, खरवडून काढलेल्या लेबलाचे तुकडे होते. त्यावर अर्धवट इंग्रजी अक्षरं. भिंगाने वाचलं: 'फॉर सेल इन', मग फाटलेलं, मग 'दमण', मग 'ओन्ली'. म्हणजे दमणची स्वस्त दारू, नाहीतर निदान दमणच्या रिकाम्या बाटल्या. आणि दमणचा माल महाराष्ट्रात कर न भरता आणणं, बाळगणं हा गुन्हा. पिशवीतून आणला कुणी? मी.

घाबरून मी तिन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. ही माझी सगळ्यात मोठी चूक. पुरावा स्वतःच्या हाताने घालवला. ते ओलं लेबल तेवढं वाळवून जुन्या पासबुकात ठेवलंय.

तक्रार करायला दहा दिवस लावले, तेही त्याच भीतीने. शिवाय लाज. नणंद म्हणाली, "वहिनी, सासरी कळलं की मी गटारीला वाइन प्यायला गेले होते, तर?" ह्यांचं म्हणणं, "पोलिसांना काय सांगणार, दारू चांगली नव्हती?" मला वाटतं या धंद्याचा सगळा हिशेब यावरच चालतो. पिण्याची गोष्ट, गटारीची गोष्ट, बायका बरोबर. कोण जाणार चौकीत? बाकी दोन कुटुंबांना मी फोन केले. एकांनी सांगितलं, "जाऊ द्या हो, मजा आली ना?" दुसऱ्यांनी उचललाच नाही.

शेवटी गेले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन केला तर तिथल्या बाईंनी शांतपणे पहिला प्रश्न विचारला, "पैसे कधी पाठवलेत?" ते पुढच्या खात्यात शिल्लक असतील तोवरच अडवता येतात, हे मला शिकवायची गरज नव्हती. चौकीत साहेब म्हणाले, "सहल तर झाली ना मॅडम? मग ग्राहक मंचात जा." ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पलीकडच्या माणसाचा पत्ता विचारला, तर माझ्याकडे एक बंद पडलेला मोबाइल नंबर आणि एका मावशीचं नाव. उत्पादन शुल्कच्या कार्यालयात लेबल घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी मला रागावण्याऐवजी ते लेबल उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि वाडीचं वर्णन लिहून घेतलं. पुढे काय झालं ते कळलं नाही. पैसे आलेले नाहीत.

मधल्या काळात ते जाहिरातीचं पान मोबाइलवरून गायब झालं. ऑक्टोबरात भाच्याने वेगळ्याच नावाचं एक पान पाठवलं. 'दिवाळी स्पेशल, अलिबाग, वाइन आणि म्हावरं, माणशी २,८००.' खाली पाहुण्यांचे फोटो. तिसऱ्या फोटोत पत्र्याची शेड, कागदी ग्लास, आणि मधोमध आमच्या काकू. मासा वर धरलेला, अंगठा त्याच्या ओठाखाली, तोंडभर हसतायत. मोठा करून बघितला तर दातसुद्धा दिसतात, माशाचे. वर लिहिलंय, 'आमचे समाधानी ग्राहक'.