ओपनओसीडी ०.१२: जुनी केबल चालेल का, आणि नाही चालली तर काय करायचे

वेर्णा औद्योगिक वसाहतीतला दुरुस्ती विभाग असो, फर्मागुडीची कॉलेज लॅब असो की म्हापशातले कंट्रोल कार्ड दुरुस्त करणारे छोटे दुकान, मायक्रोकंट्रोलरच्या पोटात डोकवायची वेळ आली की ओपनओसीडी या चिप तपासणाऱ्या आणि तिच्यात प्रोग्रॅम भरणाऱ्या सॉफ्टवेअरशी गाठ पडतेच. २००५ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या तंत्रविद्यापीठात डॉमिनिक राथ यांच्या प्रबंधातून हा प्रकल्प उभा राहिला. त्या वेळी जेटॅग केबल, म्हणजे कॉम्प्युटर चिपच्या तपासणी पिनांना जोडणारी तार, म्हटली की प्रिंटर पोर्टला लावायचा विगलर. पुढच्या पंधरा वर्षांत नवे अ‍ॅडॉप्टर येत गेले, जुन्यांचा कोड मात्र जागच्या जागी राहिला. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या ०.१२ व्हर्जनपर्यंत त्यातला बराच काढून झाला आहे. ही साफसफाई कशी झाली आणि ज्यांच्याकडे अजून जुने सामान आहे त्यांनी काय करावे, हे या परीक्षणात पाहू.

आमचे मत आधीच सांगतो: व्हर्जन घ्यावे. काढलेल्या गोष्टींची निवड योग्य आहे, काढण्याची पद्धतही सभ्य आहे. मात्र केबल आणि चिप कोणती ते सांगणारी जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी टाकून चालेल, ही आशा ठेवू नका.

काय गेले? सगळ्यात मोठा बदल लिबयूएसबी या यूएसबी उपकरणांशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या ०.१ पिढीचा. ०.१२ तिच्यावर अजिबात अवलंबून नाही. तिची जागा लिबयूएसबी १.० ने घेतली आहे. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी चिपांसाठीचा एफटी२२३२ नावाचा जुना ड्रायव्हर तर आधीच गेला होता, त्याची जागा एफटीडीआय नावाच्या ड्रायव्हरने घेतली. झायलिन कंपनीच्या झेडवाय १००० या डब्यासाठीचा कोडही आता नाही.

या तिसऱ्या गोष्टीकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण जुना कोड का काढावा लागतो ते तिथे स्वच्छ दिसते. झेडवाय १००० हा केबलसारखा मुका अ‍ॅडॉप्टर नव्हता. डब्यात प्रोसेसर आणि एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप) होते आणि ओपनओसीडी डब्याच्या आतच चालायचा. इतर अ‍ॅडॉप्टरसाठी जेटॅगचे आदेश आधी रांगेत लागतात आणि मग एकगठ्ठा यूएसबीवरून जातात. झेडवाय १००० साठी ते रांगेला बगल देऊन थेट हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये लिहिले जात. म्हणजे जेटॅगच्या गाभ्यात दोन वाटा, आणि कंपाइल करतानाच त्यातली एक निवडायची. गाभ्यात काहीही सुधारायचे तर दोन्ही वाटा सांभाळा, आणि दुसरी वाट तपासायला डबाच हाताशी नाही. पावसाआधीच्या शाकारणीत हेच होते: फुटके कौल तसेच ठेवले तर शेजारचे चांगले कौलही धड बसवता येत नाही. ज्यांच्याकडे तो डबा अजून चालू आहे त्यांनी आतले सॉफ्टवेअर न हलवता तसाच वापरावा. जीडीबी हा डीबगर नेटवर्कवरून त्याला जोडला जातोच.

आता कामाचा भाग, कॉन्फिग फाइल. नवे व्हर्जन बसवल्यावर पहिल्यांदा ओपनओसीडीला सी पर्यायाने ‘अ‍ॅडॉप्टर लिस्ट’ आणि मग ‘एक्झिट’ हे आदेश द्या. तुमच्या बिल्डमध्ये, म्हणजे कंपाइल केलेल्या प्रतीत, कोणते ड्रायव्हर आहेत त्याची यादी समोर येते. ड्रायव्हर त्या यादीत नसेल तर कॉन्फिगशी झटापट करून उपयोग नाही, बिल्डच बदलावी लागेल.

ड्रायव्हर असेल तर जुन्या ओळी अशा बदला. ‘इंटरफेस’ हा आदेश आता ‘अ‍ॅडॉप्टर ड्रायव्हर’ झाला. ‘अ‍ॅडॉप्टर_केएचझेड’ ऐवजी ‘अ‍ॅडॉप्टर स्पीड’. ‘अ‍ॅडॉप्टर_एनएसआरएसटी_डिले’ ऐवजी ‘अ‍ॅडॉप्टर एसआरएसटी डिले’. एफटीडीआयच्या आदेशांत पहिल्या शब्दानंतरचा अंडरस्कोर जाऊन मोकळी जागा आली. जुनी नावे लगेच तोडलेली नाहीत: आदेश चालतो आणि ‘डेप्रिकेटेड’ म्हणून नवे नावही छापून येते. प्रकल्पाचे हे आम्हाला मनापासून आवडले. आधी इशारा, मग एखाद-दोन व्हर्जनने काढणे. एसटी-लिंकच्या व्ही२ आणि व्ही२-१ च्या वेगळ्या फायलींचेही तसेच. त्या वापरल्या की ‘इंटरफेस’ फोल्डरमधली एकच एसटी-लिंक फाइल घ्या, असे सांगितले जाते. इशारे आज दिसत असतील तर आजच दुरुस्त करा, पुढच्या व्हर्जनला तीच ओळ चूक ठरेल.

खरे डोके लागते ते एफटी२२३२ च्या जुन्या फाइलला. तिथे ‘लेआउट’ म्हणून तयार नाव दिले की काम व्हायचे. आता पिना स्वतः सांगाव्या लागतात. ओळखीचा अ‍ॅडॉप्टर असेल तर ‘इंटरफेस’मधल्या ‘एफटीडीआय’ फोल्डरमध्ये तयार फाइल सापडेल, तीच घ्या. नसेल तर ‘एफटीडीआय लेआउट_इनिट’ला १६ बिटांचे दोन हेक्स आकडे द्यायचे: पहिला सुरुवातीची पातळी, दुसरा दिशा. चिपच्या खालच्या बाइटमध्ये बिट ० टीसीके (क्लॉक), १ टीडीआय (बोर्डाकडे जाणारा डेटा), २ टीडीओ (बोर्डाकडून येणारा डेटा) आणि ३ टीएमएस (जेटॅगची स्थिती बदलणारी तार). टीडीओ इनपुट, बाकी तिन्ही आउटपुट, म्हणून दिशा १०११, हेक्समध्ये ०००बी. टीएमएस सुरुवातीला वर हवी, म्हणून पातळी ०००८. साध्या एफटी२३२एच पाटीला एवढे दोन आकडे पुरतात. एफटी२२३२एचचा यूएसबी क्रमांक ०४०३ आणि ६०१०, एफटी२३२एचचा ०४०३ आणि ६०१४. ‘लेटन्सी’ची जुनी ओळ सरळ पुसा, नव्या ड्रायव्हरला ती लागत नाही.

सिग्नल पुढे ढकलणारा बफर असलेल्या अ‍ॅडॉप्टरवर मात्र आणखी बिट लागतात. बफर चालू करणारा बिट विसरला तर एकही सिग्नल बाहेर पडत नाही. रिसेटचा बिट उलटा दिला तर बोर्ड कायम रिसेटमध्ये अडकतो. पडद्यावर ‘ऑल वन्स’ आले तर बहुधा टीडीओची तार पोहोचलेली नाही किंवा बफर बंद आहे. ‘ऑल झिरोज’ आले तर बोर्डाला वीज आहे का आणि टीडीओ ग्राउंडला टेकली आहे का ते बघा. दोन्ही वेळा मल्टिमीटर आधी, व्हर्जनला दोष नंतर.

वेगाबद्दल एक. फाइलमध्ये वेग नसेल तर जुने व्हर्जन अडून बसायचे, ०.१२ स्वतःहून १०० किलोहर्ट्‌झ धरते. सुरुवात होते, पण फ्लॅश लिहिताना हात टेकतात. एआरएम७ च्या बोर्डावर प्रोसेसर क्लॉकच्या एक षष्ठांशापर्यंत जायला हरकत नाही. एलपीसी२१४८ या एआरएम७ चिपला १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल तर पीएलएल (क्लॉक वाढवणारे सर्किट) चालू होण्याआधी ही मर्यादा २००० किलोहर्ट्‌झ, म्हणून १००० पासून सुरुवात करा. याच चिपचा आणखी एक हट्ट: रिसेटच्या वेळी पी१.२६ ही पिन खाली नसेल तर जेटॅगच्या पिना साध्या आयओ बनतात आणि कुठलाही डीबगर तिच्याशी बोलू शकत नाही. ‘नव्या व्हर्जनमध्ये एलपीसी चालत नाही’ अशी तक्रार करण्याआधी तो जंपर तपासा.

आपल्याकडे खाऱ्या दमट हवेत २० पिनांचे हेडर एका पावसाळ्यात काळे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रिबन १५ ते २० सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका, तरीही चुका आल्या तर वेग १०० वर आणून पाहा. १०० वर चालते आणि १००० वर नाही, तर दोष तारेत आहे, कॉन्फिगमध्ये नाही.

विंडोजवाल्यांना लिबयूएसबी बदलाची झळ लागते. जुन्या लिबयूएसबी ड्रायव्हरवर बांधलेला अ‍ॅडॉप्टर सापडला नाही तर झाडिग हे ड्रायव्हर बसवणारे साधन उघडा, ‘लिस्ट ऑल डिव्हायसेस’ चालू करा आणि विनयूएसबी बसवा. दोन चॅनेलच्या एफटीडीआयवर फक्त ‘इंटरफेस ०’ निवडा. दुसऱ्यालाही बसवलात तर सीरियल पोर्ट गायब होईल. लिनक्सवर ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमधली ६० क्रमांकाची, उपकरण वापरायची परवानगी देणारी यूडेव्ह नियमफाइल योग्य जागी कॉपी करा, नियम पुन्हा वाचायला लावा आणि केबल काढून घाला. सुडो लावून चालवण्याची सवय लॅबमध्ये लावू नये.

विगलरवाल्यांना दिलासा आहे. पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ०.१२ च्या सोर्समध्ये आहे, फक्त कॉन्फिगर करताना ‘एनेबल-पारपोर्ट’ द्यावा लागतो. लिनक्सवर पीपीडेव्ह या कर्नल ड्रायव्हरमधून जाताना पोर्टचा आकडा ० म्हणजे पहिला पारपोर्ट. तिथे ३७८ हा पोर्टचा जुना पत्ता लिहू नका. प्रिंटरच्या एलपी मॉड्यूलने पोर्ट धरून ठेवला असेल तर तो आधी उतरवा. आणि बाजारात मिळणारी यूएसबी ते प्रिंटर पोर्टची तार यासाठी घेऊ नका. ती प्रिंटरची भाषा बोलते, पोर्टची एकेक पिन हलवू देत नाही. पैसे खर्चच करायचे असतील तर एफटी२३२एचची पाटी घ्यावी.

आता दोन तक्रारी. पहिली फायलींच्या शोधक्रमाबद्दल. ओपनओसीडी स्वतःच्या स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी बघतो. चालू फोल्डर आणि होम फोल्डरमधल्या फायली आधी सापडतात. कोणीतरी पाच वर्षांपूर्वी कॉपी केलेली ‘टार्गेट’ फाइल तिथे पडून असेल तर नवे व्हर्जन तीच उचलते, आणि चूक कुठून आली ते साध्या संदेशांतून उमगत नाही. डीबग पातळी ३ वर चालवली की कोणती फाइल उघडली ते दिसते. ही माहिती पहिल्याच ओळीत छापायला हवी होती.

दुसरी नेटवर्कची. पूर्वी ३३३३ (जीडीबी), ४४४४ (टेलनेट) आणि ६६६६ (टीसीएल) ही पोर्टे सगळ्या नेटवर्कला खुली असायची, आता फक्त त्याच कॉम्प्युटरला. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, तेव्हा ही तक्रार बदलाबद्दल नाही. पण बोर्ड एका खोलीत आणि विद्यार्थी दुसऱ्या खोलीत अशा लॅबमध्ये ‘कनेक्शन नाकारले’ एवढेच दिसते. ‘बाइंडटू ०.०.०.०’ने पोर्टे पुन्हा खुली करून ते सुटते खरे, पण टेलनेटला पासवर्ड नसतो, म्हणून एसएसएच बोगदाच बरा.

जीडीबीनेही याच काळात असेच ओझे उतरवले: नवव्या व्हर्जनमध्ये सेल प्रोसेसरचा आधार गेला, सोळाव्यात निओस २ चा. ओपनओसीडीच्या एआरएम वापरावर त्याचा परिणाम नाही. जीडीबी-मल्टिआर्क घ्या आणि ३३३३ ला एक्स्टेंडेड-रिमोटने जोडा.

लॅबमधल्या मशीनवर कोणते व्हर्जन येईल ते उबुंटूवर ठरते: २०.०४ मध्ये ०.१०, २२.०४ मध्ये ०.११, २४.०४ मध्ये ०.१२. जुने व्हर्जन शेजारी ठेवायचेच असेल तर गिटचा टॅग घेऊ नका, कारण तो सबमॉड्यूल (सोबत लागणारा दुसऱ्या प्रकल्पांचा कोड) जुन्या पत्त्यावर शोधतो. प्रकाशित टारबॉल घ्या, त्यात जिमटीसीएल (आतली स्क्रिप्ट भाषा) आणि तयार कॉन्फिगर स्क्रिप्ट असते, बूटस्ट्रॅप लागत नाही. प्रीफिक्स (बसवण्याची जागा) म्हणून ऑप्टखाली व्हर्जनच्या नावाचे वेगळे फोल्डर द्या, म्हणजे प्रत्येकाच्या स्क्रिप्ट प्रत्येकाकडे राहतील. ‘डिसेबल-वेरर’ही जोडा, आजचा जीसीसी जुन्या कोडवर इशारे देतो आणि ते इशारे चुका धरले की मेक अर्ध्यावर थांबतो.