केमो चालू असताना व्यायाम: गंगापूर रोडवरच्या फिजिओच्या वर्गाचा माझा अनुभव

एसटीत 28 वर्षं कंडक्टर होतो. कसारा घाटात गाडी वळताना दांडी न धरता तिकिटं दिलीत. मागच्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं आणि दर पंधरा दिवसांनी एक अशा 12 केमो ठरल्या. चौथ्या केमोनंतर तळपाय बधिर झाले. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मला पत्ताच नसायचा. तेव्हा डॉक्टरांनीच या वर्गाचं नाव सुचवलं.

घरचे म्हणत होते, पडून राहा, बाहेर गेलात तर इन्फेक्शन होईल. मी मात्र वेगळीच आशा धरून गेलो होतो. व्यायामानं प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात, म्हणजे माझ्या पांढऱ्या पेशींचा काउंट वर येईल आणि केमो चुकणार नाही.

पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी एकाही यंत्राला हात लावू दिला नाही. फाईल मागितली. सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी), प्लेटलेट्स, केमो देण्यासाठी कातडीखाली बसवतात तो पोर्ट कुठल्या बाजूला आहे, पोटाचा व्रण भरलाय का, सगळं विचारून वहीत उतरवलं. मग सायकलवर दहा मिनिटं, तीही बोलता येईल इतक्याच वेगानं. दम लागून बोलणं तुटलं की पॅडल हळू करायचं.

सहाव्या केमोच्या आधी माझे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 900 आले, फारच कमी. मी तरीही वर्गाला पोचलो. मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी वाईट वाटलं. फोनवर मी विचारलं, "व्यायामानं काउंट वाढणार होता ना?" त्यांनी सरळ सांगितलं, "नाही काका. काउंट हाडातला मगज वाढवतो. लागलं तर डॉक्टर इंजेक्शन देतील. ते काम व्यायामाचं नाही." केमो आठवडाभर पुढे गेली.

मग व्यायामानं होतं काय? पुढच्या वेळी त्यांनी ते नीट समजावलं. आपण दमलो की अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या, प्लीहेत थांबलेल्या पेशी रक्तात उतरतात. त्यात सगळ्यात पुढे एनके पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या. व्यायाम थांबला की तासा-दोन तासांत त्या रक्तातून पुन्हा कमी होतात. पूर्वी याला प्रतिकारशक्ती घसरली असं म्हणत. आता बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे की त्या शरीरात इतर ठिकाणी गस्तीला जातात. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या कॅन्सरच्या गाठींची वाढ 60 टक्क्यांहून अधिक कमी झाली. "पण ते उंदीर होते," हेही मॅडमनी लगेच सांगितलं.

माणसांवरचा पुरावा माझ्याच आजाराचा निघाला. 889 पेशंट, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम. दुसऱ्या गटाला फक्त माहितीपुस्तिका. 2025 मध्ये निकाल आला: आठ वर्षांनी व्यायामवाल्यांत शंभरातले 90 हयात, दुसऱ्या गटात 83. यात प्रतिकारशक्तीचा वाटा किती, हे त्या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही. ही गोष्ट न लपवता सांगितली म्हणून माझा या वर्गावर विश्वास बसला. "इम्युनिटी बूस्ट"चे फलक लावणारे मी गावात कमी पाहिले नाहीत.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्पंजच्या गादीचा. तिच्यावर अनवाणी उभं राहायचं, एक हात भिंतीपाशी. पहिल्या आठवड्यात मला पाच सेकंदही जमत नव्हतं. अंगठा दाबतोय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागायचं. आता 40 सेकंद होतात, भिंत न धरता. बधिरपणा गेलेला नाही, तोल आलाय.

उणिवाही लिहितो. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. केमोनंतरच्या दोन-तीन दिवसांत तो जिना जिवावर येतो. एकदा शेजारच्या सायकलवर खोकणारे गृहस्थ होते, त्यांना कोणी थांबवलं नाही. मी तक्रार केल्यावर दारात विचारपूस सुरू झाली, पण ती आधीपासून हवी होती. फी महिन्याला 2,400 रुपये, आठवड्यातून तीन दिवस.

जाणार असाल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आठवड्याच्या आतला सीबीसी आणि बंद बूट न्या. सकाळी सातची बॅच घ्या. तेव्हा चार-पाचच जण असतात आणि मॅडमचं प्रत्येकाकडे लक्ष असतं.