कार्बन फ्रेमची सायकल: परतवाड्याकडच्या रस्त्यांवर पैसे वसूल होतात का?

कार्बनची सायकल रोहिणीत घेतली, आता संक्रांत उलटली. मधे अख्खा पावसाळा गेला, चिखलदऱ्याच्या फेऱ्या झाल्या, आता लिहायला हरकत नाही. जुनी अॅल्युमिनियमची सायकल घरातच आहे, त्यामुळे तुलना तिच्याशीच. दोन्हींवर गिअर शिमानो कंपनीच्या १०५ मालिकेचेच. म्हणजे वरचे लाखभर रुपये सरळसरळ कार्बनचे. पारावर एकच उद्गार ऐकू आला, "एवढ्यात तं बुलेट आली असती ना राजेहो!"

कार्बनची सायकल जुनीपेक्षा साधारण दोन किलो हलकी आहे. उचलून पाहणारा प्रत्येक जण चाट पडतो. पण हिशेब करा. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंचीवर. घाटात तासभर चढायला लागत असेल, तर दोन किलोंनी वाचतं जेमतेम दीड मिनिट. शर्यतवाल्यांना ते सोन्याचं. मला वर पोचल्यावर चहाच प्यायचा असतो. आणि अचलपूर, दर्यापूरकडच्या सपाट रस्त्यावर तर वजनाचा प्रश्नच येत नाही, तिथं सगळी झुंज समोरच्या वाऱ्याशी.

हादरे कमी बसतात हे मात्र खरं. खडबडीत डांबरावर हात तेवढे बधिर होत नाहीत. पण गंमत पाहा, जुन्या सायकलला २५ मिमीचे टायर काढून ३२ मिमीचे टाकले, हवा थोडी कमी ठेवली, आणि फरक जवळपास मिटला. काही हजारांत! तुमच्या फ्रेममध्ये रुंद टायर बसतो का, एवढं आधी पाहून घ्या. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारं द्रव) भरलं की बाभळीच्या काट्यांचाही ताप जातो.

खरी अडचण आहे देखभालीची. कार्बनचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नसतात. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, किती जोराने आवळायचं ते ५ न्यूटन मीटर असं छापलेलंच असतं. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळायचा पाना लागतो. आमच्या गावचा मिस्त्री हाताचा पक्का आहे, पण जोर लावूनच आवळतो, म्हणून पाना मीच विकत घेतला. सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा खरखरीत लेप) लावायची, नाहीतर सीट हळूहळू खाली घसरते.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) फटीत बसतो, त्यातली बारीक वाळू फ्रेम घासत राहते. अशा वेळी उतरून चिखल काढायचा, रेटत न्यायची नाही. उन्हाचं भय मात्र बाळगू नका, ४५ अंशांत तिला काही होत नाही.

रोजच्या रपेटीला आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, मुदत साडेतेरा तास) चांगली अॅल्युमिनियम पुरते. वरचे पैसे टायर, चाकं आणि नीट फिटिंगवर घाला. घाटात घड्याळ लावून चढणाऱ्यांनी कार्बन खुशाल घ्यावी.

जुनी कार्बन स्वस्तात मिळत असेल तर जपून. अॅल्युमिनियमला पोचा दिसतो, कार्बन आतून फुटलेलं असलं तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. बाजारात मडकं वाजवून घेतो तसं नाण्याने फ्रेम ठोकत जा. एखाद्या जागी आवाज बद्द आला की सौदा थांबवा. हँडलची टेप काढून खालचा भागही पाहा, आणि मालक टेप काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.