गाडीतले छोटे एलईडी: पावसाळा ते थंडी वापरून झाल्यावर

इंदूरहून सेंधव्यामार्गे धुळ्याला आमचं जाणं-येणं नेहमीचं, तेही बहुतेक रात्रीचं. हॅचबॅक जुनी असली तरी धडधाकट आहे, फक्त आतला दिवा पहिल्यापासून मिणमिणता. मागे बसलेल्या आईला गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागे. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर छताचा आणि डिकीचा 5 वॅटचा बल्ब काढून एलईडी बसवले. मुद्दाम दोन प्रकारचे घेतले: डिकीत साधा रेझिस्टरवाला (करंटला नुसता अडथळा करणारा भाग असलेला), छताला ड्रायव्हर सर्किटवाला (करंट स्वतः सांभाळणारं छोटं सर्किट असलेला).

पहिल्या दिवशी दोन्ही लखलखीत. फरक कळला तो दिवाळीच्या सुमारास. डिकीतल्या दिव्याच्या तीन चिप (प्रकाश देणारे बारीक तुकडे) विझल्या होत्या, उरलेल्या मंदावल्या होत्या. कारण सरळ आहे. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, इंजिन सुरू झालं की 14.4 पर्यंत जाते. पांढऱ्या तीन चिप एकामागोमाग जोडल्या की साधारण 9.6 व्होल्ट त्याच घेतात, उरलेलं रेझिस्टरवर पडतं. म्हणजे 3 व्होल्टच्या जागी 4.8, आणि करंट थेट दीडपटीच्या वर! उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण चिप तापतात आणि हळूहळू मरतात. एक गेली की तिच्या ओळीतल्या बाकीच्या दोघीही विझतात. ड्रायव्हरवाल्यात करंट कायम राहतो. छताचा दिवा आजही पहिल्या दिवसासारखा आहे.

त्यामुळे जास्त उजेडासाठी रेझिस्टर कमी करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उजेड वाढवायच्या जागा वेगळ्या आहेत. एलईडीचा प्रकाश बल्बसारखा चहूकडे जात नाही, समोरच पडतो. आमच्या छतात टी10 (छोट्या बल्बचं एक माप) होल्डर आडवा आहे. टोकाला चिप असलेला दिवा तिथे भिंतीलाच उजेड देत बसतो. पट्टीसारखा, चिप खाली तोंड करून असलेला घेतला तेव्हा सीटपर्यंत प्रकाश आला. शिवाय दुधी झाकण काढून कोमट साबणाच्या पाण्यानं धुतलं. इतक्या वर्षांची धूळ आणि पिवळट थर निघाल्यावर जो फरक पडला, तो कुठल्याही महागड्या दिव्यानं पडला नसता. होल्डरच्या पत्र्यावरचा गंजही बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या.

लावल्यावर पेटला नाही तर उलटा करून बघा, एलईडीला प्लस-मायनस लागतं. मेहुण्याच्या नव्या गाडीत बंद केल्यावरही दिवा अंधुक चमकत राहायचा; कंट्रोल युनिटमधून झिरपणारा करंट एलईडीला पुरतो, बल्बला पुरत नाही. तिथे कॅनबसवाला, म्हणजे असा झिरपता करंट जिरवणारा दिवा बसवल्यावर ते थांबलं.

रंग 4000 केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपासचा घ्या. 6500 चा निळसर पांढरा रात्री आरशात डोळ्यांवर येतो, आणि घाटात ते अजिबात नको. डिकीतला दिवा आता बदलतोय, तोही ड्रायव्हरवालाच.